बोट कापतं ते हलणाऱ्या लाकडामुळे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत 'मुलांसोबत सुतारकाम' या नावाखाली काही सल्ले फिरायला लागतात. दहा वर्षांच्या आत खरी हत्यारं देऊ नका, प्लास्टिकचा संच द्या. करवत दिलीच तर बोथट द्या. हातमोजे घालायला लावा. लाकूड विकत आणू नका, घरातली जुनी फळी किंवा टाकून दिलेलं पॅलेट (माल ठेवायची लाकडी चौकट) चालतं. आणि पहिल्या दिवशी पक्ष्यांसाठी लाकडी घर करा.

हेतू चांगला आहे. पण ज्याने खरोखर बोटं वाचतात, ते लाकूड बांधणं या सगळ्यात कुठेच नाही.

बोथट करवतीपासूनच सुरुवात करू, कारण यातला सर्वांत घातक सल्ला तोच. धार असलेली करवत जवळजवळ स्वतःच्या वजनाने कापते. बोथट करवतीचे दात लाकडात रुतत नाहीत, म्हणून मूल अंगाचा भार टाकून दाबतं. दाबलेली करवत खाचेतून उसळते आणि शेजारी फळी धरून ठेवलेल्या अंगठ्यावर येते. चामडी फाडायला बोथट दातही पुरेसे असतात, आणि ती जखम धारेच्या जखमेपेक्षा वेडीवाकडी होते.

उपाय असा. चार इंची दोन सी-क्लॅम्प, म्हणजे स्क्रू पिळून लाकूड पकडून ठेवणारे शिकंजे, घ्या. लाकूड टेबलाच्या कडेला आवळा, कापायचा भाग ५-६ सेंमी बाहेर ठेवा. टेबल मुलाच्या कमरेएवढं हवं; पाच वर्षांच्या मुलाला साधारण ५०-५५ सेंमी. पहिली २-३ मिमी खाच मोठ्या माणसाने पाडून द्यायची. त्यानंतर मुलाचे दोन्ही हात करवतीच्या मुठीवर. दोन्ही हात मुठीवर असले की पात्याखाली यायला हातच उरत नाही. आपला सुतार जमिनीवर बसून पायाने फळी दाबतो आणि एका हाताने सपासप कापतो. ती वर्षानुवर्षांची सवय आहे, मुलाने तिची नक्कल करायची नाही.

नेहमीची करवत ढकलताना कापते, आणि लहान हाताने ढकललेलं पातं वाकतं, अडकतं. जपानी पद्धतीची करवत ओढताना कापते. ओढीमुळे पातं ताणलेलं, सरळ राहतं, आणि खाचही बारीक पडते. ती मिळाली नाही तर हॅकसॉचं (लोखंड कापायच्या करवतीचं) पातं उलटं, म्हणजे दात मुठीकडे करून बसवा. वेळ लागतो, दातांत भुसा अडकतो, पण २ सेंमी जाडीची रीप, म्हणजे लाकडाची अरुंद पट्टी, कापली जाते.

आता वयाचं. 'सरकारसुद्धा सुतारकाम सहावीनंतरच आणतंय' असं दहा वर्षांच्या अटीच्या समर्थनार्थ सांगितलं जातं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्याची कल्पना आहे, हे खरं. पण ती कारागिरांकडे जाऊन शिकण्याची योजना आहे, हत्यार धरायचं किमान वय नव्हे. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने आखलेलं मूलोद्योगी, म्हणजे हाताच्या उद्योगातून द्यायचं शिक्षण सात ते चौदा वयासाठी होतं, आणि त्या उद्योगांच्या यादीत सुतारकाम होतं. फिनलंडने तर १८६६ मध्येच प्राथमिक शाळांत हस्तकाम सक्तीचं केलं.

खरा प्रश्न वयाचा नाही, कोणतं हत्यार आधी हा आहे. चौथ्या वर्षी पॉलिश पेपर आणि हातोडी. पाचव्या वर्षी दांडा फिरवायचं हँड ड्रिल. पाच-सहाला बांधलेल्या लाकडावर करवत. पटाशी (लाकूड तासायचं सपाट धारेचं हत्यार) मात्र नऊ-दहापर्यंत लांबच ठेवा, कारण एक हात नकळत धारेच्या पुढे जातो आणि क्लॅम्पने ती सवय सुटत नाही. विजेची हत्यारं नकोतच. एवढ्यापुरती वरच्या सल्ल्यातली भीती रास्त आहे.

प्लास्टिकची हातोडी खिळ्यावरून उडते, मूल आणखी जोरात मारतं, खिळा तिथेच. उलट टोक म्हणजे बाबांची अर्धा किलोची हातोडी. ती पेलवत नाही म्हणून मूल दांडा लोखंडाजवळ धरतं, घाव तिरका बसतो आणि खिळा वाकतो. २०० ते २२५ ग्रॅमची, आखूड दांड्याची हातोडी हवी. खिळा एक इंची, रुंद डोक्याचा. तो बोटांत न धरता जुन्या कंगव्याच्या दातांत किंवा कपड्यांच्या चिमट्यात धरायचा. ठोकायची जागा टेबलाच्या पायाच्या बरोबर वर असू द्या. मधोमध ठोकलं तर फळी उसळते आणि निम्मा घाव वाया जातो.

फळी फुटते तेव्हा सगळे मुलाला दोष देतात. खिळ्याचं अणकुचीदार टोक पाचरीसारखं लाकडाच्या रेषा फाकवत जातं, म्हणून फळी फुटते. खिळा उलटा धरून टोकावर एक हलका घाव घाला. बोथट टोक रेषा तोडत आत जातं. (बोथटपणाचा उपयोग असलाच तर तो इथे.) कडेपासून २ सेंमी आत ठोका, आणि दोन खिळे एकाच रेषेवर ठोकू नका.

हातमोजे नकोत. सैल मोज्यांमुळे पकड जाते आणि फिरत्या ड्रिलमध्ये कापड गुंडाळलं जातं. त्याऐवजी डोळ्यांवर चष्मा, पायात बंद बूट, लांब केस बांधलेले, फ्रॉकच्या नाड्या आत. चष्मा बाजूला उभ्या असलेल्या भावंडालाही.

लाकडाच्या बाबतीत काटकसर अंगाशी येते. जुन्या दाराखिडकीच्या फळीवर रंग असेल तर ती घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती, हे नुसतं पाहून कळत नाही, आणि घासल्यावर ते मुलाच्या नाकातोंडात जातं. पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारख्या खुणेचा शिक्का शोधा: 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. 'एमबी' किंवा बिनशिक्क्याचं परत ठेवा. 'एचटी' असलं तरी आत मोडके खिळे असतात आणि कडांना सल निघतात. एमडीएफची (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेल्या फळीची) धूळ फार बारीक उडते, आणि कडेत खिळा मारला की ते फुलून फुटतं.

वखारीत पाइन, शिवण, सावर किंवा पांगारा मागा. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पांगारा वापरत आले तो हलका आणि मऊ म्हणूनच. परीक्षा सोपी आहे: अंगठ्याचं नख दाबून पाहा. खूण उमटली तर मुलाचा खिळा आत जाईल. बाभूळ आणि शिसम विसरा.

राहिलं पक्ष्यांचं घर. त्याला सहा-सात तुकडे लागतात, आणि प्रत्येक गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात. मुलाने कापलेली रेघ अर्धा सेंमी तिरकी जाणारच. मग फटी पडतात, वडील करवत काढून घेतात आणि मूल खिळ्यांची डबी धरून उभं राहतं.

त्यापेक्षा विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं ओढतात तसा चाकांवरचा नंदी करा. त्याचा एक पाय आखूड झाला तरी दुरुस्ती जमते. पाटीसाठी, म्हणजे खालच्या तळासाठी, २० × ८ सेंमी, २ सेंमी जाडीची फळी. धड १० सेंमी आणि डोकं ४ सेंमी, दोन्ही ४ × ४ च्या रिपेचे. हे काप मोठ्या माणसाने करायचे. पाय मुलाचे: २ × २ च्या रिपेचे ६ सेंमीचे चार तुकडे. पाय लहानमोठे झाले तर पॉलिश पेपर टेबलाला चिकटवून त्यावर घासायचे. रिपेचं कापलेलं टोक फेविकॉल शोषून घेतं आणि जोड कच्चा राहतो. म्हणून आधी पातळ हात द्या, पाच मिनिटं थांबा, मग दुसरा हात देऊन जोडा. रात्रभर हलवायचं नाही, आणि मुलाला सर्वांत अवघड जातं ते हेच.

चाकं १२ मिमी जाडीची, वखारीतूनच गोल कापून आणा. चाकाला ५ मिमी भोक, पाटीच्या कडेत २.५ मिमी भोक, आणि मध्ये ४ मिमी जाडीचा, ४० मिमी लांबीचा स्क्रू, चाकाच्या दोन्ही बाजूंना वॉशर. पाटीतलं भोक न पाडता स्क्रू पिळला तर कड चिरते. स्क्रू पूर्ण आवळला की चाक गच्च बसतं. अर्धा फेरा मागे घ्या. तरीही फिरत नसेल तर चाकाच्या भोकातले रेषे गोल गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने काढा आणि स्क्रूला मेणबत्ती घासा. साबण नको, त्याने स्क्रू गंजतो.