थेरपी सांगितली म्हणजे अर्धशिशी खोटी ठरवली का?

‘मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे. डॉक्टर थेरपिस्टकडे पाठवतात, म्हणजे तुमचं दुखणं त्यांना खोटं वाटतं. श्वासाच्या व्यायामाने डोकं थांबत नाही, आणि वर गोळ्याही बंद करायला लावतात.’ हा मजकूर खूप फिरतो आहे. त्यातलं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे. पण पुढच्या वाक्यांमुळे माणसं एका उपयोगी उपचारापासून लांब राहतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

दुखणं खोटं वाटतं? मधुमेह झालेल्याला चालायला सांगतात, म्हणून त्याची साखर खोटी ठरत नाही. अर्धशिशीत (म्हणजेच मायग्रेनमध्ये) चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूची यंत्रणा चेतवली जाते आणि सीजीआरपी हे रसायन बाहेर पडतं. अशा मेंदूला चढउतार सोसत नाहीत. झोप कमी झाली तरी डोकं उठतं, जास्त झाली तरी उठतं. आठवडाभराचा ताण उतरला की नेमकं सुट्टीच्या दिवशी उठतं. थेरपीचं काम या चढउतारांवर चालतं.

श्वासाच्या व्यायामाने डोकं थांबत नाही? ठणका भरात असताना सहसा नाहीच थांबत. पण हा उपचार झटके कमी करण्यासाठी आहे आणि त्याचा सराव डोकं दुखत नसलेल्या दिवशी करायचा असतो. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. श्वासाच्या व्यायामासोबत स्नायू सैल सोडायलाही शिकवतात. त्याची पद्धत अशी: रोज १५-२० मिनिटं, ठरलेल्या वेळी. मूठ ५ ते ७ सेकंद आवळा, एकदम सोडा, आणि पुढची २०-३० सेकंद हात सैल पडताना कसा लागतो तेवढंच बघा. मग दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, पाय. मान मात्र अर्ध्याच जोराने ताणा, नाहीतर तीच आखडते. हळूहळू स्नायूंचे गट कमी करत न्यायचे. शेवटी न आवळता, नुसत्या आठवणीने खांदे सैल सोडता यायला हवेत. बायोफीडबॅक या दुसऱ्या पद्धतीत बोटाला तापमानाचा सेन्सर लावतात आणि बोट ऊबदार करायला शिकवतात. पडद्यावर आकडा चढताना दिसतो, त्यामुळे जमतंय की नाही ते लगेच कळतं. यात दोन-तीन महिने जातात. आठवड्याभरात सोडून दिलं तर काहीच हाती लागत नाही.

पुरावाही आहे. २०१३ साली जुनाट मायग्रेन असलेल्या १० ते १७ वर्षांच्या १३५ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना अमिट्रिप्टिलिन हे झटके टाळण्याचं औषध दिलं होतं. सुरुवातीला त्यांचं डोकं २८ पैकी सरासरी २१ दिवस दुखत होतं. औषधासोबत सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) मिळालेल्या मुलांचे ११.५ दिवस कमी झाले. औषध आणि डोकेदुखीची नुसती माहिती मिळालेल्यांचे ६.८.

आणि गोळ्या? याच अभ्यासात औषध चालूच होतं. आधीपासून चालू असलेली प्रतिबंधक गोळी मनाने बंद करू नका. जपायचं ते झटक्याच्या गोळ्यांचा अतिरेक होण्यापासून: महिन्यात ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यावरची खास गोळी) १० दिवस किंवा साधी वेदनाशामकं १५ दिवस असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर गोळ्याच डोकेदुखी वाढवू लागतात.

म्हणून थेरपिस्टच्या पहिल्या भेटीआधी चार आठवडे वही ठेवा: डोकं कधी उठलं, ० ते १० पैकी किती, कोणती गोळी किती वाजता, झोप, पाळी. आदल्या दिवशीच्या जांभया, आखडलेली मान, गोड खाण्याची ओढ हेही लिहा. पुष्कळदा चॉकलेटला दोष दिला जातो, पण ते खावंसं वाटलं तेव्हाच झटका सुरू झालेला असू शकतो.