शर्मन्‌चा नातलग हेर्मान नव्हे

‘जर्मनी म्हणजे शर्मनांचा देश. हेर्मान म्हणजे शर्मन्, फ्रीडरिखमधला रिख म्हणजे आपला राजा. जर्मन नावं संस्कृतातूनच निघाली.’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून येतो. संस्कृतवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच तो वाचून गप्प बसवत नाही.

आधी जर्मनी. हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेलंच नाही. इ.स.पू. पहिल्या शतकात ते सीझरच्या लॅटिनमध्ये दिसतं, आणि तेव्हाचा उच्चार होता ‘गेर्मानी’. ‘ज’ फार नंतर आला. ते स्वतःला ‘डॉइच’ म्हणवतात. त्याच्या मुळाशी ‘लोक’ या अर्थाचा शब्द आहे. डीट्रिख या नावातला ‘डीट’ तोच.

हेर्मानपाशी जरा थांबायला हवं, कारण इथे वरवर सगळं जुळतं. संस्कृत ‘श’च्या जागी जर्मनमध्ये ‘ह’ येतो हे खरंच आहे: शत–हुंडर्ट, शृंग–होर्न, श्वान–हुंट. पण पहिलं अक्षर जुळलं म्हणून शब्द एक होत नाही. हे नाव जुन्या लेखनात ‘हरिमान’, ‘हेरिमान’ असं सापडतं. त्यातला हरि म्हणजे सैन्य (आपल्या हरीशी त्याचा संबंध नाही). आजही जर्मनमध्ये सैन्याला ‘हेअर’च म्हणतात. सैन्य आणि माणूस, एवढंच ते नाव.

रिख आणि राजा यांचा धातू एकच, हे मान्य. मात्र जर्मन भाषांनी तो शब्द शेजारच्या केल्ट लोकांकडून उचलला. त्याच्या जुन्या रूपातला दीर्घ ‘ई’ ही केल्टिकचीच खूण.

राहिलं ‘संस्कृतातूनच’. नातं आहे, पण बहिणीबहिणींचं. दोघींची आई वेगळीच, आणि तिचं लिखित काही उरलेलं नाही. संस्कृत शिकलेला इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स याने १७८६ मध्ये कोलकात्यात साधारण हेच मांडलं होतं. लुडविगचं जुनं रूप ‘ह्लुडविग’: ह्लुड म्हणजे नावाजलेला, विग म्हणजे लढाई. या ह्लुडचा संस्कृतातला भाऊ ‘श्रुत’, शत्रुघ्नाच्या श्रुतकीर्तीतला. ‘श’ला ‘ह’, ‘र’ला ‘ल’. कानाला अजिबात सारखे न वाटणारे हे शब्द सख्खे आहेत.

आणि शर्मन्? त्याचा अर्थ आसरा, संरक्षण. त्याच ‘श–ह’, ‘र–ल’च्या वाटेने अभ्यासकांनी त्याची सांगड ‘हेल्म’शी, म्हणजे शिरस्त्राणाशी घातली आहे. तो हेल्म हेर्मानमध्ये नाही, विल्हेल्ममध्ये आहे.