ओबीएम रेस होतंय पण होडी पळत नाही, म्हणजे गिअर गेला असं नसतं

गेले काही दिवस मच्छीमारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला तिघांनी पाठवला. त्यात चार गोष्टी आहेत. ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून लावायचं मशीन) रेस होतं पण होडी पळत नाही तर गिअर गेला, लोअर युनिट (मशीनचा पाण्यातला गिअरवाला खालचा भाग) बदला. खालचं ऑइल दुधासारखं निघालं तर गिअरबॉक्स संपला. ऑइलच्या प्लगला लोखंडाचा भुसा दिसला तरी तेच. आणि गिअर टिकवायचा तर हळूहळू टाकायचा. यातली एकही गोष्ट लिहिलीय तशी खरी नाही, आणि लोक त्यावर विश्वास ठेवून पैसे घालतायत म्हणून लिहायला बसलो.

पहिली गोष्ट आधी, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. बहुतेक पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) आत रबराचा बुश असतो, दाबून बसवलेला. पंखा खडकाला किंवा वाळूला लागला की हा बुश सरकतो आणि धक्का गिअरपर्यंत जाऊ देत नाही, तो त्यासाठीच दिलेला असतो. बऱ्याच छोट्या मशीनना शिअर पिन असते, तिथे पिन तुटते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला पंखा वाळूला लागायला वेळ लागत नाही, आणि दोन-चारदा लागला की बुश सैल होणारच. मग काय होतं, तर स्लो चालवलं की होडी नीट जाते, थ्रॉटल वाढवला की मशीन नुसतं ओरडतं आणि होडी तिथल्या तिथे. खटखट नाही, धक्का नाही. हे लक्षण पंख्याच्या बुशचं आहे, गिअरचं नाही.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. पंखा काढा, मधल्या पितळी हबवरून बाहेरच्या पंख्यापर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारा, पंखा बसवून एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन्ही तुकडे पुढे-मागे झाले असतील तर बुश सरकलाय. माझ्या चुलतभावाला एका गॅरेजमध्ये अख्खं लोअर युनिट सांगितलं होतं, आम्ही रेघ मारून बघितली आणि काम बुशवर भागलं. फक्त एक करू नका, काही लोक बुशमधून आरपार बोल्ट मारून पंखा जाम करतात, शिअर पिनच्या जागी खिळा ठोकतात. पुढच्या वेळी पंखा लागला की तो सगळा धक्का सरळ गिअरवर जाणार.

गिअरबद्दल शंका राहिलीच तर किल स्विचची दोरी काढा, स्पार्क प्लग काढून ठेवा, पुढचा गिअर टाका आणि पंखा हाताने फिरवा. बहुतेक मशीनमध्ये एका बाजूला तो कर्रकर्र करत फिरतो आणि दुसऱ्या बाजूला अडतो. अडतो त्या बाजूला थोडासा जोर लावला की वरचं फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) हललं पाहिजे (थोडंसंच हलवा, कारण त्याने वॉटर पंपातलं रबरी चाक, इम्पेलर, उलटं फिरतं). हललं म्हणजे वरपासून खालपर्यंत जोड शाबूत आहे. नाही हललं तर आधी गिअरची केबल किंवा लिंक बघा, ती सेटिंगमधून गेली तरी गिअर पूर्ण बसत नाही. आणि फक्त वळताना किंवा लाटेवरच रेस होत असेल तर पंखा हवा ओढतोय, मशीन ट्रान्समवर (होडीच्या मागच्या फळीवर) जास्त वर बसलंय.

आता दुधाळ ऑइल. याचा अर्थ आत पाणी शिरलं, एवढाच. गिअर संपले असं नाही, पण तसंच चालवलं किंवा पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने तसंच ठेवलं तर गंज चढून बेअरिंग नक्की जाणार. आमच्याकडे कारण बहुतेक वेळा एकच निघतं, जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा धागा) पंख्यामागे शाफ्टला गुंडाळतो आणि ऑइल सील कापतो. पंखा काढून तिथे बघा. नाहीतर ड्रेन स्क्रूचा वॉशर जुना झालेला असतो, तो तर दर वेळी नवीनच टाकायचा. गळती सापडत नसेल तर ऑइल काढून आत 10 पीएसआयच्या आसपास हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील ते सील बदला. ऑइल भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा आणि मग खालचा, म्हणजे आत हवा राहत नाही.

भुशाचं थोडक्यात. प्लगच्या चुंबकावर करड्या मलमासारखा थर येतोच, तो साधा झिजेचा. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मात्र मशीन चालवू नका, उघडा.

गिअर हळू टाकायचा हा सल्ला तर सरळ उलटा आहे. आत क्लच डॉग नावाचा दातेरी तुकडा असतो, त्याचे दात गिअरच्या दातांत एकदम बसायला हवेत. सावकाश ढकललं की दातांचे कोपरे एकमेकांवर आपटत राहतात आणि गोल होतात, मग लोड आला की गिअर खटखट करत सुटतो. म्हणून थ्रॉटल पूर्ण खाली, मशीन आयडलवर, आणि एका झटक्यात गिअर. डॉग खरंच गेला असेल तरी डॉग आणि पुढचा गिअर वेगळे मिळतात, त्यासाठी पूर्ण युनिट लागत नाही. फक्त उघडताना निघालेल्या शिम (पातळ चकत्या) जपून ठेवायला सांगा.