कॉर्नरमधला टॉवेल

एकोणीस दिवस उरलेत. बँकॉकला आमच्या पोराची एमएमएची, म्हणजे पिंजऱ्यात कुस्ती अन् लाथाबुक्क्या सगळं चालतं तसली, लढत आहे. पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड, वजन ६१.२ किलो. मी थायलंडमधल्या फुकेतच्या एका जिममध्ये कुस्ती शिकवतो. पोरगं सोलापूरचं, अशोक चौकाकडचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर. येताना त्यानं बॅगेत सहा टॉवेल आणले, वर कडक भाकरी आणि शेंगा चटणी. भाकरी जिममधल्या, रशियातल्या दागेस्तानच्या पोरांनी चहात बुडवून दोन दिवसांत संपवल्या. चटणी मी कपाटावर ठेवलीय. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, त्यामुळे वजन होईपर्यंत ती खाली येणार नाही.

तिकडे तालमीच्या ग्रुपवर मात्र वेगळीच झोंबी चालू असते. २०२५ च्या अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली, फायनलमध्ये आमच्या जिल्ह्याचा महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला, दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. शिवराजची पाठ टेकली होती की नव्हती, यावर अजून कुणीतरी तोच व्हिडिओ थांबवून लाल गोल काढून टाकतो. त्याआधी २०२३ च्या नोव्हेंबरात तर दोन गटांनी दोन महाराष्ट्र केसरी भरवल्या, एक धाराशिवला, एक पुण्याजवळच्या फुलगावला. त्यात खरी गदा कुणाची, हा वाद वेगळा. आणि हे सगळं थकलं की गाडी माझ्यावर येते. "काय बे, मातीतला माणूस तू, अन् पिंजऱ्यात लाथाबुक्क्या शिकवतो?"

माती की मॅट, गुण की चितपट, यात मला आता फार रस उरलेला नाही. पंचाची चूक झाली असेल तर दाद मागायची सोय हवी, आणि लाथ मारणाऱ्याला घरी बसवायलाच हवं. विषय संपला. मला खटकतं ते हे, की इतक्या चर्चेत कॉर्नरला, म्हणजे आपल्या मल्लाच्या बाजूनं कडेला, बसणाऱ्या माणसाचं नाव कुणीच घेत नाही.

खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक आपल्या प्रत्येक तालमीत फोटोला हार घालून टांगलेलं असतं. पण एका लांबलेल्या कुस्तीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण ते भांडून सांगायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. त्या अर्ध्या तासावर ग्रुपमध्ये कधी वाद झालेला मला आठवत नाही.

माझा स्वतःचा खांदा एका जत्रेत निखळला. गावाचं नाव सांगत नाही. हलगी कडाडत होती, समोरच्यानं ढाक डाव लावला आणि आत काहीतरी कट्‌ वाजलं. ते फक्त मला ऐकू आलं. वस्ताद कडेला धोतराचा सोगा मुठीत धरून ओरडत होते, "ऊठ! ऊठ!" उठलो. अजूनही एसीत झोपलं की सकाळी डावा हात बाहीत जायला कुरकुर करतो. त्याच वस्तादांनी स्वतःच्या म्हशीचं दूध मला चार वर्षं फुकट पाजलं. त्यांना दोष कसा देऊ? त्यांनाही कुणी कधी थांबवलेलं नव्हतं.

इथं डॉक्टर असतो, करार असतो, आणि पोराची अवस्था बघून कॉर्नरनं आत टॉवेल टाकून लढत थांबवली तर कुणी त्याला भेकड म्हणत नाही. म्हणून इथं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. इथं आठ-दहा वर्षांची पोरं मुएथायच्या रिंगणात उतरतात आणि कडेला मोठी माणसं त्यांच्यावर पैजा लावतात. वजन उतरवायला प्लॅस्टिकचा सूट, गरम पाण्याचा टब, बाटलीत थुंकत बसणं, हे मी रोज बघतो आणि मला ते आवडत नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली तेव्हा ग्रुपवर सगळे कटकारस्थान शोधत होते. ऑलिंपिकच्या कुस्तीत दुसऱ्या दिवशी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं, आमच्याकडे आदल्या दिवशी एकदाच. मधल्या तेवढ्या मोकळ्या दिवसाच्या जोरावरच तर इथली पोरं अंगातलं पाणी असं पिळून काढतात. आणि दूध? दुधाचे पैसे महिन्याच्या फीमध्ये धरलेले असतात.

पण लढतीआधी थाई पोरगं रिंगमध्ये गुडघ्यावर बसून गुरूला वंदन करतं, मग म्हातारा गुरू त्याच्या डोक्यावरचं कडं दोन्ही हातांनी हळूच काढून घेतो. ते पाहिलं की मला आमचा आखाडा आठवतो, ताक-हळद-कापूर घातलेल्या मातीच्या वासासकट.

परवा पोराच्या वडिलांचा फोन आला. मागे मागांचा खडखडाट, ओरडूनच बोलत होते.

"सर, एक सांगायचं होतं. टॉवेल टाकू नका ओ. अख्खी गल्ली बघणारे."

"मामा, वेळ आली तर टाकणार. तुमच्याच कारखान्यातला टाकणार."

पलीकडे जवळचा एक खडखडाट एकदम थांबला. मला वाटलं रागावून दूर गेले. मिनिटभरानं आवाज आला, "धागा तुटला होता, माग बंद केला. बोला."

मी म्हटलं, वजन आज ६६.४ आहे, झोप नीट होतेय, डाव्या पायावर अजून जड पडतो, तेवढं काढतोय.

"बरं बरं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "चटणी खाल्ली का त्यानं?"