त्रिधारी निवडुंग कॅक्टस नव्हे

“आपल्या डोंगरावरचा निवडुंग म्हणजेच मेक्सिकोतला कॅक्टस. इतकी सारखी झाडं दोन खंडांत आपोआप होणं अशक्य, म्हणजे कुणीतरी ती इकडून तिकडे नेली. तिकडे कॅक्टसचा रस पितात, तसा याचाही प्यावा.” हा मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यातलं शेवटचं वाक्य घातक आहे, म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे, झाड एकच नाही. त्रिधारी आणि बांधावरचा फड्या, दोघांनाही आपण निवडुंगच म्हणतो, तिथेच घोळ होतो. त्रिधारी एरंडाच्या कुळातला, शेराचा भाऊबंद. फड्या खरा कॅक्टस. त्याचं नातं राजगिरा, घोळ यांच्याशी. हे दोन वंश १० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्रिधारीला नुसता ओरखडा पडला तरी पांढरा दाट चीक ठिबकतो. फड्याचा रस बिनरंगी, बुळबुळीत. त्रिधारीचे काटे धारेवर जोडीजोडीने येतात, फड्याचे कुसळांच्या ठिपक्यांतून. फड्याचं फूल मोठं, पुंकेसरांनी गच्च भरलेलं. त्रिधारीचं हरभऱ्याएवढं, आणि त्यातला एकेक पुंकेसर म्हणजे एकेक स्वतंत्र नरफूल!

दुसरं, हे साम्य योगायोगाचं नाही, इतपत मजकूर बरोबर आहे. पण त्यामागे कारण कोरड्या हवेचं आहे. पानांतून पाणी उडतं, म्हणून पानं घटली आणि अन्न बनवायचं काम हिरव्या खोडाकडे आलं. ज्याचं खोड पाणी जास्त साठवेल तो तगला. मेक्सिकोतल्या उंच कॅक्टसांना आणि त्रिधारीला धारा आहेत त्या यासाठीच: पाऊस पडला की खोड पेटीच्या भात्यासारखं फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, पण फाटत नाही. दोघंही रात्री रंध्रं उघडून हवा आत घेतात. अडचण तीच, म्हणून तोडगाही तोच निघाला, दोन्हीकडे स्वतंत्रपणे.

नेण्या-आणण्याचं म्हणाल तर फड्या खरोखरच माणसाने अमेरिकेतून आणलाय, कोलंबसानंतर. पण त्रिधारी तिकडे जाऊन कॅक्टस झाला असता, तर त्याचा चीक आणि फुलांची घडण तिकडे दिसली असती. उलट अमेरिकेत पेरेस्किया हा चक्क रुंद पानांचा कॅक्टस आजही आहे. कॅक्टसांचे पूर्वज तसेच पानांचे होते.

राहिला रस. मेक्सिकोत खातात ते फड्याच्या जातभाईंचे कोवळे फड, काटे काढून. त्रिधारीच्या चिकाने कातडीवर फोड येतात, पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात, डोळ्यात गेला तर नजरेला धोका. घरातलं कुणी हा मजकूर वाचून कोयता घेऊन निघालं असेल, तर आधी त्यांना थांबवा.