मीराला पाहिलंत का?

परवा रात्री आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक फोटो आला. तलावपाळीच्या कठड्यावर चिकटवलेली चिठ्ठी, त्यावर एका मुलीचं पेन्सिलने काढलेलं चित्र, वर 'मीराला पाहिलंत का?' आणि खाली क्यूआर कोड. सोबत फॉरवर्ड मेसेज, सावधान, ठाण्यात मुलं पळवणारी टोळी फिरतेय, कोड स्कॅन करू नका. मग दोन तास नुसती हाणामारी. एक पार्टी म्हणते, ज्यांनी हे लावलंय त्यांना धरून दोन कानाखाली द्या, दुसरी म्हणते आपल्याकडे पोरांना काही नवीन करूच देत नाहीत, तिकडे बाहेर बघा लोक काय काय करतात. आणि मग नेहमीप्रमाणे मला टॅग, तू सांग रे, तुमच्या इंग्लंडात असतं ना हे सगळं?

मी गप्प. कारण ती चिठ्ठी माझ्या भाच्याने लावली होती 😅 आणि हे खूळ त्याच्या डोक्यात मीच भरलं होतं.

खूळ म्हणजे आल्टरनेट रिॲलिटी गेम, थोडक्यात एआरजी. खेळ आहे हे कुणी सांगतच नाही, एखादी चिठ्ठी, एखादा फोन नंबर, एखादी विचित्र वेबसाइट सापडते आणि तुम्ही आत ओढले जाता. २००१ मध्ये स्पीलबर्गच्या ए.आय. सिनेमाच्या जाहिरातीत श्रेयनामावलीत एक नाव होतं, जनीन साला, हुद्दा काय तर यंत्रमानवांची थेरपिस्ट. ते नाव लोकांनी नेटवर शोधलं आणि पुढे अख्खी खुनाची गोष्ट उलगडत गेली. क्लाउडमेकर्स नावाचा हजारो लोकांचा ग्रुप जमला, आणि तीन महिने पुरतील म्हणून बनवलेली कोडी त्यांनी पहिल्याच दिवशी सोडवली असं बनवणाऱ्यांनीच नंतर सांगितलंय. कुणाला लॅटिन येतं, कुणाला कोडिंग, कुणाला संगीत, एकट्याला काहीच जमत नाही आणि सगळ्यांना मिळून सगळं जमतं. मला या खेळात आवडतं ते हेच, कोडी हा निव्वळ बहाणा आहे. मी इकडे लेस्टरला आलो तेव्हा ओळखीचं कुत्रं नव्हतं, पहिले दोस्त मिळाले ते असल्याच लोकांत. एकाकडे पर्प्लेक्स सिटी नावाच्या अशाच एका खेळाची जुनी कार्डं होती, चंदेरी पट्टी खरवडून कोड काढायचा. त्या खेळात शोधायचा बक्षिसाचा क्यूब ज्या जंगलात पुरला होता ते वेकर्ली आमच्यापासून फार लांब नाही. २००७ मध्ये तो एकाला सापडला आणि त्याला एक लाख पौंड मिळाले. आम्ही गेलो होतो एका रविवारी, झाडं आणि चिखल, बाकी काही नाही, पण चार माणसं तासभर त्या चिखलाकडे बघत उभी होती.

आता ग्रुपवरच्या 'बाहेर बघा'वाल्यांसाठी. त्याच २००७ च्या जानेवारीत अमेरिकेत एका कार्टूनच्या जाहिरातीसाठी दिव्यांच्या पाट्या दहा शहरांत लावल्या होत्या, बाकी ठिकाणी कुणी ढुंकून पाहिलं नाही आणि बोस्टनमध्ये बॉम्ब समजून रस्ते, पूल सगळं बंद. कंपनीला वीस लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा गोरे समजूतदार आणि ठाणेकर येडे, हे मला कुणी सांगू नका.

पण कानाखालीवाल्यांची भीतीसुद्धा मला हसण्यावारी नेता येत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते बिचारे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज पाचच चॅटना पाठवता येईल अशी मर्यादा आणली. हे ज्या राज्यात झालं तिथे हरवलेल्या मुलीची चिठ्ठी लावायची म्हणजे पोरगं कितीही हुशार असलं तरी गाढवच, आणि त्याच्यापेक्षा मोठा गाढव मी, कारण गोष्ट काय आहे हे मी विचारलंच नव्हतं.

या खेळांचं एक ब्रीद आहे, 'धिस इज नॉट अ गेम', म्हणजे हा खेळ आहे हे खेळाने शेवटपर्यंत कबूल करायचं नाही. क्लाउडमेकर्स त्यावरच पोसलेले. आणि २००१ च्याच ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे ते टॉवर पडले तेव्हा त्यांच्यातलेच काही म्हणायला लागले की आपण हे सोडवू शकतो, तेव्हा ग्रुप चालवणाऱ्यांना सांगावं लागलं की बाबांनो आपण डिटेक्टिव्ह होतो ते एका खेळातले, आवरा. म्हणजे आवरा म्हणणारं कुणीतरी होतं. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज रात्री तोच खेळ चालतो, धागे जोडायचे, गाडीचे नंबर टाकायचे, अनोळखी माणसाचा फोटो फिरवायचा, फक्त पडद्यामागे कुणीच नसतं त्यामुळे संपला म्हणून सांगणारंही कुणी नसतं.

म्हणून माझं मत, ठाण्यात हे खेळा, जरूर खेळा, पण ते ब्रीद तेवढं खाडीत बुडवा. चिठ्ठीवर सरळ लिहा की हा खेळ आहे आणि खाली फोन नंबर द्या, उचलला जाणारा. शेजारच्या दुकानदाराला, वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर ओरडा तेच खातात.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, मामा मग मजा काय राहिली? म्हटलं जत्रेत भुताच्या घरात तिकीट काढूनच जातोस ना, तरी किंचाळतोस की नाही. दोन दिवस रुसला. काल नवीन गोष्ट घेऊन आला, १८५३ ची पहिली गाडी, बोरीबंदर ते ठाणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. ह्याच्या गोष्टीत चौथं एक इंजिन होतं, ते ठाण्यात आलं आणि परत गेलंच नाही. पहिला क्लू स्टेशनबाहेर, मग कोपिनेश्वर, मग तलावपाळीला एक भेळवाला काका आहेत त्यांना परवलीचा शब्द सांगायचा, ते तयार झालेत म्हणे, भेळ मात्र विकत घ्यावी लागेल.

चिठ्ठीचा फोटो पाठवलाय. वर ठळक अक्षरात 'हा खेळ आहे', खाली नंबर. नंबर ओळखीचा वाटला म्हणून नीट बघितला तर ताईचा, आणि तिला अजून सांगितलेलं नाही.