झेंडूचा हार आणि स्टोअरची वही

कंपनीचं डिजिटल परिवर्तन करायचं ठरलंय ना? मग आधी मुहूर्त बघा. दसरा उत्तम. पान्हे, व्हर्निअर पूजेला मांडलेलेच असतात, त्यांच्याशेजारी सर्व्हर ठेवायचा, नारळ फोडायचा आणि हार घालायचा. हार मागच्या पंख्यावर येऊ देऊ नका. आमच्याकडे आला होता. पहिल्याच दिवशी सर्व्हर तापून बंद पडला आणि इंजिनिअरने तासाभराने आतून झेंडूच्या पाकळ्या काढल्या.

दसऱ्याचा आणखी एक फायदा म्हणजे पुढे वीस दिवसांवर दिवाळी. गाड्या गेटबाहेर रांगेत उभ्या, डिस्पॅचवाल्याला जेवायला सवड नाही, अशा वेळी नवी सिस्टिम शिकण्यात जी गोडी आहे ती पावसाळ्याच्या मंदीत नाही. हर्शीज या अमेरिकन चॉकलेट कंपनीने हाच बेत केला होता. ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत बसवलं आणि १९९९च्या जुलैत, हॅलोविन सणाच्या ऑर्डरींच्या तोंडावर नवी ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, डिस्पॅच, हिशेब सगळं एकत्र चालवणारी सिस्टिम, चालू केली. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर गेल्या नाहीत. माल नव्हता असं नाही, तो बाहेरच पडेना.

मुहूर्त झाला की माणसं. ब्लूप्रिंटची, म्हणजे नवी सिस्टिम कशी चालेल ते ठरवायची बैठक लोणावळ्याला रिसॉर्टवर घ्या. फायनान्सचे साहेब, एचआर, आयटी, मालकांचे परदेशातून शिकून आलेले चिरंजीव, सगळ्यांना न्या. फक्त स्टोअरच्या काकांना नेऊ नका. तेवीस वर्षं झाली, कोणता माल कुठल्या रॅकवर, कोणता जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला गेलाय आणि कोणता ‘उद्या परत देतो’ म्हणून शेजारच्या कंपनीने उसना नेलाय, हे त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत असतं. ते बैठकीला आले तर विचारतील, ‘उसन्या मालाची एन्ट्री कुठे करायची?’ कन्सल्टंटच्या स्लाइडवर त्याचं उत्तर नाही. चांगल्या चाललेल्या बैठकीत विघ्न नको.

जुना डेटा साफ करण्याच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. आमच्या यादीत ‘बोल्ट एम ८’, ‘एम-८ बोल्ट’ आणि ‘बोल्ट काळा ८ (लांब)’ असे तिघे होते. वस्तू एकच, पण कोणाला दुखवायचं? तिघांनाही मानाने कोड देऊन नव्या सिस्टिममध्ये घेतलं. पुढच्या महिन्यात एका कोडवर शून्य साठा दिसला म्हणून सिस्टिमने तत्परतेने पाच हजारांची खरेदी सुचवली, पर्चेसने तितक्याच तत्परतेने ऑर्डर पाठवली. टेम्पो आला तेव्हा काका रॅकसमोर उभे होते. चार हजार बोल्ट गोणीत समोर दिसत होते. काही बोलले नाहीत, वहीत लिहिलं.

काही जण म्हणतात, सॉफ्टवेअर बदलण्याआधी आपली पद्धत बदलावी. छे! लीडल ही जर्मन दुकानसाखळी मालाची किंमत खरेदीच्या दराने धरायची, एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचं तयार सॉफ्टवेअर विक्रीच्या दराने. लीडलने आपली सवय सोडली नाही, सॉफ्टवेअरच आपल्या मापाचं शिवायला घेतलं. सात वर्षं शिवलं, सुमारे ५० कोटी युरो गेले आणि २०१८ साली गुंडाळून ठेवलं. बाणा असावा तर असा.

प्रशिक्षण शनिवारी चार ते साडेपाच, समोशासकट. स्लाइड इंग्रजीत, ऐकणारे सेकंड शिफ्टला निघालेले. सगळ्या स्टोअरला मिळून एकच लॉगिन द्या आणि पासवर्ड मॉनिटरवर चिकटवा, म्हणजे चूक कोणाची हे कधीच कळत नाही आणि घरातलं वातावरण चांगलं राहतं. बारकोड स्कॅनर महाग असतात, थर्माकोलसकट साहेबांच्या कपाटात ठेवा.

सरकारची पद्धत मात्र उचलू नका. १ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांनाही धंदेवाल्या गिऱ्हाइकाला ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं जीएसटीचं बिल, करणं भाग पडलं. पोर्टलवरून नंबर आला नाही तर बिल ग्राह्य नाही आणि समोरच्याचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं. गिऱ्हाईक फोनवर, गाडी गेटवर. आमच्या अकाउंट्समधल्या वहिनी, ज्यांना माउस धरायचा कंटाळा, चार दिवसांत शिकल्या. ना लोणावळा, ना समोसा. इतक्या रुक्षपणे शिकवलेलं काय कामाचं?

राहिला डॅशबोर्ड. रिसेप्शनला ५५ इंची टीव्ही लावा. आकडे हिरवे दिसले पाहिजेत. ते रोज सकाळी नऊला एक शिकाऊ मुलगा एक्सेलमधून चढवतो, हे पाहुण्यांना सांगायची गरज नाही.

मग ३१ मार्च येतो. ऑडिटर समोर बसलेला असतो, साहेब स्पीकरवर स्टोअरला फोन लावतात आणि एम ८ बोल्टचा साठा विचारतात. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज येतो. मग काका अदबीने विचारतात, ‘सिस्टिममधला सांगू का खरा, साहेब?’

दोन्ही लिहून घ्या. फरक टाकायला सिस्टिममध्ये एक वेगळा कोड उघडावा लागतो. तो कन्सल्टंट उघडून देतो, दोन दिवसांचं बिल लावून. आणि येताना काकांसाठी एक कोरी वही आणा, जुनी भरत आलीय.